छप्पन्न दानं आणि एक चुकीची स्लाइड : हाडं-फासे टाकून कौल घेण्याचा इतिहास

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये मी एक स्लाइड दाखवली होती. तिच्यावर लिहिलं होतं : ‘पाच हाडं, ५६ दानं, म्हणून प्रत्येक दानाची शक्यता १/५६.’ गाइड शांतपणे ऐकत होते. स्लाइड संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, “ते हाड हातात घेऊन बघितलंयस का कधी?”

बघितलं नव्हतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली मुलगी, आणि त्या एका ओळीत दोन चुका. दोन्ही चुका तुम्हीही करू शकता, म्हणून आज त्यांच्याच निमित्ताने हाडं आणि फासे टाकून भविष्य विचारण्याचा इतिहास बघूया. विषय मजेदार आहेच, पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी त्यात एक धडाही आहे : जुन्या काळाकडे बघताना आपण स्वतःचं डोकं त्या लोकांच्या खांद्यावर कसं नकळत बसवतो, याचा.

आधी हाड समजून घ्या

‘हाडांवरून भविष्य’ म्हटलं की बऱ्याच जणांना चीनमधली शांग राजवटीची हाडं आठवतात. ती पद्धत वेगळी. तिथे बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच तापवायचे आणि पडलेल्या तड्यांवरून उत्तर वाचायचे. प्रश्न हाडावरच कोरलेला असायचा. १८९९ मध्ये या कोरीव खुणा म्हणजे जुनी चिनी लिपी आहे हे ओळखलं गेलं आणि १९२८ पासून आनयांगला पद्धतशीर उत्खनन सुरू झालं. पण त्यात हाड तापवतात, टाकत नाहीत. आपला विषय टाकण्याचा आहे.

टाकायचं हाड म्हणजे शेळी-मेंढीच्या मागच्या पायातलं घोट्याचं छोटं हाड. ग्रीक लोक त्याला ‘अस्ट्रॅगलॉस’ म्हणायचे, रोमन लोक ‘टॅलस’. त्याची दोन टोकं गोलसर असतात, त्यांवर ते सहसा उभं राहत नाही. उरतात चार बाजू. त्यांना १, ३, ४ आणि ६ अशी किंमत दिलेली होती. २ आणि ५ नाहीतच.

आता मुख्य गोष्ट. या चार बाजू सारख्या नाहीत. दोन बाजू रुंद आहेत, दोन अरुंद. हाड वारंवार टाकून बघितलं तर ३ आणि ४ या रुंद बाजू प्रत्येकी साधारण दहातून चार वेळा पडतात, आणि १ आणि ६ या अरुंद बाजू दहातून एकेकदा. हे ढोबळ आकडे आहेत. प्राणी बदलला, हाड बदललं की थोडे हलतात. पण ‘चारही बाजू सारख्या’ हे मात्र कुठल्याच हाडाबाबत खरं नाही. ही माझी पहिली चूक.

५६ कुठून आले?

आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण भागात, म्हणजे जुन्या पिसिडिया, लिसिया, पॅम्फिलिया या प्रदेशांत, रोमन काळातले काही शिलालेख सापडले आहेत. बहुतेक इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. टर्मेसॉस आणि क्रेमना ही त्यांतली दोन ठिकाणं. हे दगड म्हणजे गावाच्या चौकात उभं केलेलं भविष्याचं पुस्तकच. प्रवासाला निघालेला व्यापारी, आजारी माणूस किंवा लग्नाच्या विचारात पडलेला कुणी येणार, पाच हाडं टाकणार (किंवा एकच हाड पाचदा), आणि पडलेले पाच आकडे दगडावर शोधणार. प्रत्येक नोंदीत आधी पाच आकडे, मग त्यांची बेरीज, मग एका देवतेचं नाव आणि खाली काही ओळी पद्यात : जा, थांब, घाई करू नको, काम होईल.

अशा नोंदी होतात ५६. का? पाच हाडं, प्रत्येकाला चार बाजू, आणि कुठलं हाड आधी पडलं याला महत्त्व नाही. मोजून बघा :

पाचही सारखी : ४ प्रकार.
चार सारखी, एक वेगळं : १२.
तीन सारखी, दोन सारखी : १२.
तीन सारखी, दोन वेगवेगळी : १२.
दोन जोड्या आणि एक वेगळं : १२.
एक जोडी आणि बाकी तीन वेगवेगळी : ४.

एकूण ५६. दगड कोरणाऱ्यांनी, किंवा ज्यांनी मूळ मजकूर रचला त्यांनी, एकही प्रकार न सोडता यादी पूर्ण केली. आपण कॉम्बिनेटोरिक्समध्ये जे शिकतो ते काम त्यांनी हाताने केलं होतं. हे कौतुकास्पद आहे, यात वाद नाही.

पण ५६ प्रकार म्हणजे ५६ सारख्या शक्यता नव्हेत. ही माझी दुसरी चूक. वरचे ढोबळ आकडे धरून दोन नोंदींची तुलना करू. पाचही हाडांवर १ पडण्याची शक्यता ०.१ चा पाचवा घात, म्हणजे १ लाखात १. तीन हाडांवर ३ आणि दोन हाडांवर ४ पडण्याची शक्यता १० गुणिले ०.४ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे १० टक्के. एक नोंद दुसरीपेक्षा दहा हजार पट जास्त वेळा पडणार!

हे डोळ्यांसमोर आणा. चौकात रोज दहा लोक हाडं टाकतात असं समजू. पाच एक्क्यांची नोंद सरासरी २७ वर्षांतून एकदा उघडणार. आणि ३-३-३-४-४ ची नोंद रोज एकदा. दगडावर मात्र दोघींना जवळजवळ सारखीच जागा, सारख्याच मोलाच्या ओळी. म्हणजे त्या दगडावर असे देव होते ज्यांचं उत्तर गावातल्या एका पिढीला कदाचित हाडांतून मिळालंच नसेल.

मग त्यांना कळत नव्हतं का?

इथे घाई करू नका. ‘दगडावर लिहिलेलं नाही’ आणि ‘त्यांना माहीत नव्हतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

रोममध्ये चार हाडांचा खेळ फार लोकप्रिय होता. त्यात सर्वांत भारी दान होतं ‘व्हीनस’ : चारही हाडांवर चार वेगवेगळ्या बाजू. ऑगस्टसने एका पत्रात आपल्या खेळाचे नियम लिहिले होते, ते सुएटोनियसने जपून ठेवले आहेत. एक्का किंवा छक्का पडला की त्या प्रत्येक हाडामागे एक नाणं मध्ये टाकायचं, आणि व्हीनस पडला की सगळं उचलायचं. वरच्या आकड्यांनी व्हीनसची शक्यता काढली तर २४ × ०.१ × ०.१ × ०.४ × ०.४, म्हणजे सुमारे २६ दानांत एकदा. चार एक्के मात्र १० हजारांत एकदा. म्हणजे सर्वांत मौल्यवान दान सर्वांत दुर्मीळ नव्हतं. किंमत ठरवताना दुर्मीळपणा हा निकष नव्हताच असं दिसतं. चारही वेगळे पडले तर देखणं दिसतं, खेळायला रंगत येते, म्हणून ते भारी.

पण त्याच रोममध्ये इसवी सनपूर्व ४४ मध्ये सिसेरोने शकुन-भविष्यावर एक संवाद लिहिला. त्यात त्याचा भाऊ विचारतो, चार हाडं टाकून व्हीनस योगायोगाने पडेल, पण चारशे हाडं टाकून शंभर व्हीनस योगायोगाने पडतील का? दुसऱ्या भागात सिसेरो उत्तर देतो, त्याचा मथितार्थ असा : माणूस दिवसभर टाकतच बसला तर कधीतरी व्हीनस पडणारच, त्यात दैवी काय? आकडेमोड नाही, पण ‘वारंवार टाकलं तर काय होतं’ हा विचार आहे. देवावर भरवसा ठेवणारा आणि शंका घेणारा, दोघंही त्याच चार हाडांचा दाखला देतात. सगळा प्राचीन काळ एका सुरात बोलत होता असं समजण्याची सवय मोडायला हा एक संवाद पुरेसा आहे.

आपल्याकडे : ६४

आता घराकडे वळू. १८९० मध्ये हॅमिल्टन बॉवर हा ब्रिटिश लष्करी अधिकारी एका स्कॉटिश व्यापाऱ्याच्या खुन्याच्या शोधात मध्य आशियात कुचाजवळ पोहोचला. तिथे त्याला भूर्जपत्रावरचं एक हस्तलिखित विकत मिळालं. हेच बॉवर हस्तलिखित, जे आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. गुप्तकालीन ब्राह्मी लिपी, भाषा संस्कृत. त्याचं संपादन रुडॉल्फ हर्नले यांनी केलं. आयुर्वेदाच्या अभ्यासकांना ते ‘नावनीतक’मुळे माहीत असतं. पण त्याच्या सात भागांपैकी चौथा आणि पाचवा भाग फाशांवरून भविष्य सांगण्याचा आहे, आणि या प्रकाराला नाव आहे ‘पाशककेवली’. याच नावाचा एक ग्रंथ गर्ग ऋषींच्या नावावरही चालत आला आहे.

इथला फासा चार बाजूंचा. सारीपाट खेळलेल्या किंवा निदान आजोळी बघितलेल्या वाचकांना लांबट फासा माहीत असेल, त्याच जातीचा. दान तीन आकड्यांचं. आणि फरक इथे आहे : क्रम धरतात. १-२-४ वेगळं, ४-२-१ वेगळं. म्हणून दानं होतात ४ × ४ × ४ = ६४. अशीच तीन आकड्यांची, चार बाजूंच्या फाशाची पद्धत दुनहुआंगच्या गुहेत सापडलेल्या ‘इर्क बितिग’ या जुन्या तुर्की शकुनग्रंथातही दिसते. ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये ते हस्तलिखित मिळवलं. त्यात नोंदी आहेत ६५! शक्य दानं ६४, नोंदी ६५, म्हणजे काही दानं दोनदा आली आणि काही गळाली. नकलाकाराच्या हातून यादी कशी सटकते याचा हा सुंदर नमुना.

आता गणित बघा. फाशाचा छेद नीट चौकोनी असेल तर चारही बाजू सारख्या, आणि क्रम धरल्यामुळे ६४ पैकी प्रत्येक दानाची शक्यता खरोखरच १/६४. माझी स्लाइड तुर्कस्तानच्या दगडाबाबत चूक होती, पण बॉवर हस्तलिखिताबाबत जवळजवळ बरोबर ठरली असती.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला. लगेच मनात वाक्य तयार झालं : ‘भारतीयांना समान शक्यतेची कल्पना दीड हजार वर्षांपूर्वी होती.’ वाक्य दिसायला छान आहे. टाळ्याही मिळतील. पण पुरावा? ग्रंथात कुठेही ‘ही सर्व दानं सारखीच पडतात’ असं म्हटलेलं नाही. क्रम धरणं हा शोधण्याच्या सोयीचा भाग असू शकतो : पहिला आकडा बघा, मग दुसरा, मग तिसरा, शब्दकोशात शब्द शोधावा तसं. समान शक्यता ही त्या पद्धतीतून आपोआप मिळालेली गोष्ट आहे. ती कुणी ठरवून आणली असं म्हणायला वेगळा पुरावा लागेल.

म्हणजे सापळे दोन आहेत. ‘जुन्या लोकांना काही कळत नव्हतं’ हा एक, आणि ‘जुन्या लोकांना सगळं आधीच माहीत होतं’ हा दुसरा. दोन्हीकडे चूक एकच : आपला प्रश्न त्यांच्या तोंडी घालायचा आणि मग त्यांना पास किंवा नापास करायचं.

त्यांचा प्रश्न काय होता हे बघायचं तर महाभारतातलं नळाचं आख्यान वाचा. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे बघून पानं-फळं किती ते सांगतो. नळ झाड पाडून मोजतो, आकडा जुळतो. राजा म्हणतो, मला फाशांचं मर्म, अक्षहृदय, माहीत आहे आणि संख्येतही मी निपुण आहे. झाड बेहड्याचंच का? कारण वैदिक काळात फासे म्हणून बेहड्याची फळंच वापरत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तातले फासे तेच. त्या खेळात मूठभर फळं काढून चारने भाग जातो का, बाकी किती उरते, यावर दान ठरे असं मानतात. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावं आधी दानांची नावं होती. तिथे कौशल्य कशात? नजरेने पटकन मोजण्यात. फेकलेलं दान किती वेळा पडेल हा प्रश्नच त्या खेळात मध्यवर्ती नव्हता. खेळ वेगळा, म्हणून ज्ञानही वेगळं.

पुन्हा ५६

युरोपात पुढे घोट्याच्या हाडाची जागा सहा बाजूंच्या फाशांनी घेतली. तीन फासे, क्रम न धरता : तिन्ही सारखे ६, दोन सारखे ३०, तिन्ही वेगळे २०. बेरीज पुन्हा ५६! चार बाजूंची पाच हाडं आणि सहा बाजूंचे तीन फासे, दोन्हींचं उत्तर एकच येतं. (आठातून पाच निवडणं आणि आठातून तीन निवडणं एकच, हे सूत्र आठवा.) पण आकडा जुळला म्हणून परंपरा एकमेकींशी जोडलेल्या आहेत असं ठरत नाही. आकडे जुळवून ‘प्रभाव’ सिद्ध करणारे लेख तुम्हाला वाचायला मिळतील, तेव्हा हे उदाहरण लक्षात ठेवा.

दहाव्या शतकात काँब्रेच्या विबोल्ड या बिशपने पाद्र्यांसाठी तीन फाशांचा खेळ काढला, ५६ दानांना ५६ सद्गुण. १४८२ मध्ये लोरेन्झो स्पिरिटोचं शकुनांचं पुस्तक छापलं गेलं, तेही तीन फाशांवर आणि ५६ दानांवर. आणि याच्या मधे, तेराव्या शतकात, ‘दे वेतुला’ नावाच्या लॅटिन काव्यात कुणीतरी पहिल्यांदा स्पष्ट मांडलं की ५६ प्रकार २१६ रीतींनी पडतात आणि प्रत्येक प्रकाराच्या रीती सारख्या नाहीत. १-१-१ एकाच रीतीने पडतं, १-२-३ सहा रीतींनी.

तरीही घोळ संपला नाही. सतराव्या शतकात गॅलिलिओला विचारलं गेलं, तीन फाशांची बेरीज ९ आणि १० प्रत्येकी सहाच प्रकारांनी येते, मग खेळणाऱ्यांना १० जास्त फायद्याचा का वाटतो? त्याने मोजून दाखवलं : ९ साठी २५ रीती, १० साठी २७. २१६ मध्ये फरक फक्त २ चा. हा फरक खेळणाऱ्यांच्या अनुभवात उतरला होता, कारण तिथे दानामागून दान पडतं आणि खिशातले पैसे हिशोब ठेवतात.

मला वाटतं, कौल घेणाऱ्या यादीत आणि जुगाराच्या टेबलात खरा फरक हाच आहे. कौल एका माणसाचा, एका प्रश्नाचा, एकदाच. पडलेलं दान म्हणजे देवाचा शब्द. काल दुसऱ्या कुणाला काय पडलं याच्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून ते कुणी लिहून ठेवत नाही. आपल्या कोकणातल्या देवळात देवाला कळे लावून कौल घेतात, तेव्हा ‘गेल्या वर्षभरात उजवे किती, डावे किती’ असा तक्ता कुणी मांडत नाही. तो प्रश्न विचारणं म्हणजे कौलाचा अर्थच घालवणं.

हे माझं गृहीतक आहे आणि त्याला भोकं आहेत. जुगार तर रोममध्येही होता, भारतातही होता, पैसेही होते. मग गणित तिथे का नाही आलं? काही जण म्हणतात, हाडं वेडीवाकडी होती म्हणून. पण मग सारख्या बाजूंचे फासे असलेल्या भारतात यायला हवं होतं. शिवाय नेदरलँड्समध्ये सापडलेल्या रोमनकालीन फाशांच्या अभ्यासात त्यांतले बरेच फासे लांबट, असमान दिसले. म्हणजे ‘घन’ आला की समानता आली, असंही नाही. एका संस्कृतीतलं कारण दुसरीवर लावून बघणं ही गृहीतकाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठोर परीक्षा आहे. माझी तीन गृहीतकं अशीच गेली.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

शेवटी एक सावधगिरी. डेल्फीजवळच्या कोरीकियन गुहेत घोट्याची वीस हजारांहून जास्त हाडं सापडली. ‘केवढं मोठं भविष्यकेंद्र!’ असं लिहायचा मोह होतो. पण हीच हाडं मुलांची खेळणी होती, जुगाराची साधनं होती आणि देवाला वाहायची वस्तूही होती. हाड स्वतःचा उपयोग सांगत नाही. तो सांगतात शिलालेख, ग्रंथ, किंवा पॉसेनियससारखा प्रवासी, जो ग्रीसमधल्या बुरा इथल्या हेराक्लीसच्या गुहेत लोक चार हाडं टाकून फलकावर अर्थ बघतात असं लिहून ठेवतो.

माझ्या त्या सेमिनारनंतर मी मटणाच्या दुकानात गेले आणि बोकडाच्या मागच्या पायातली घोट्याची चार हाडं मागून आणली. दुकानदाराने ‘फुकट घेऊन जा, पण करणार काय?’ म्हणून विचारलं. उकळली, घासली, वाळवली, आणि आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर टाकत, वहीत रेघा मारत बसले. आई म्हणाली, पीएच.डी.चं भविष्य बघतेयस का?

तुम्हीही करा. दोनशे दानं टाका आणि चार रकाने भरा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच दोन रकाने फुगलेले आणि दोन रिकामे दिसायला लागतील. मग माझी ती जुनी स्लाइड आठवा. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही कुठेतरी ‘सगळे सारखेच’ असं गृहीत धरलेलं एक वाक्य असणार. ते सेमिनारमध्ये दुसऱ्या कुणी शोधण्याआधी तुम्ही शोधा.